आरोग्यसेवेचे मनुष्यबळ आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार विचार मांडण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि प्राथमिक शाळेत हयात घालविलेले शिक्षक आहोत. वैद्यकशास्त्राचा अधिकार आमच्यापाशी नाही आणि तसा आव आणण्याची इच्छाही नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविल्यामुळे आकडे दिसले की ते पडताळून पाहण्याची खोड काही सुटत नाही. त्या खोडीतूनच आजचा विषय निघाला आहे. आपल्यासारख्या विकसनशील देशाने आरोग्यसेवेसाठी लागणारी माणसे कशी मोजावी, कशी घडवावी आणि कशी टिकवावी, हा तो विषय होय. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, अशी शंका कोणाच्या मनात येईल. हा प्रश्न सरकारच्या दफ्तरात जितका आहे तितकाच आपल्या माजघरातही आहे असे आम्हांस वाटते. ते कसे, हे ओघाने येईलच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९४३ साली तत्कालीन हिंदुस्थान सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेले सनदी अधिकारी होते. या समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी आपल्या देशात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान जेमतेम २७ वर्षे होते. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर होते सुमारे ४७,५००, आणि परिचारिका होत्या अवघ्या ७,०००. म्हणजे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. आता यांतले गणित पाहा. जवळजवळ सात डॉक्टरांमागे एक परिचारिका असे ते प्रमाण पडते. घराला सात कर्ते पुरुष आणि चूल सांभाळणारे एकच माणूस असावे, तशी ही अवस्था होती. समितीने पुढील पंचवीस वर्षांसाठी जे लक्ष्य ठरविले त्यात हे प्रमाण पार उलटे केले होते. २,००० लोकांमागे एक डॉक्टर आणि ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी, म्हणजे एका डॉक्टरामागे चार परिचारिका असाव्यात, अशी तिची शिफारस होती. ही गोष्ट आपण विसरलो. डॉक्टर वाढविण्याचे ध्यानात राहिले, परिचारिका चौपट असाव्यात हे मात्र मागे पडले.

भोर समितीच्या आणखी एका निर्णयाचे परिणाम दूरवर पोहोचले. त्या वेळच्या ४७,५०० डॉक्टरांपैकी सुमारे ३०,००० हे विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून व्यवसायाचा परवाना मिळविलेले ते वैद्यक व्यावसायिक होते. आपल्या मुंबई इलाख्यात दवाखान्याच्या पाटीवर ‘एल.सी.पी.एस.’ अशी अक्षरे असत, ती जुन्या मंडळींना आठवत असतील. देशातील सर्व डॉक्टर एकाच उच्च दर्जाचे असावेत, दोन प्रतीचे नसावेत, अशा उदात्त हेतूने समितीने हे आखूड अभ्यासक्रम बंद करावेत असे सुचविले. पुरेसे पदवीधर तयार होईपर्यंत ही वाट बुजवू नये, असे मत समितीतील काही सभासदांनी वेगळे नोंदविले होते. परंतु बहुमताचा निर्णय अमलात आला आणि ते अभ्यासक्रम कालांतराने बंद पडले.

कोणाचे बरोबर होते याचा निवाडा करण्याचे आमचे धाडस नाही. गरिबाला कमी शिकलेला आणि श्रीमंताला पुरा शिकलेला डॉक्टर असा भेद नसावा, हे म्हणणे न्यायाचे आहे. तसेच तहानलेल्याला ‘गंगाजल येईपर्यंत थांब’ म्हणू नये, हेही म्हणणे न्यायाचेच आहे. पुढे छत्तीसगडने २००१ साली आणि आसामने २००५ साली ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचे अभ्यासक्रम पुन्हा सुरू केले. छत्तीसगडचा अभ्यासक्रम अल्पावधीत बंद पडला. आसामचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने २०१४ साली रद्द ठरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तोच निर्णय कायम केला. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वीचा हा वाद अद्याप मिटलेला नाही. त्यातून एक धडा मात्र निर्विवाद निघतो. शिडीची एखादी पायरी काढून टाकली तरी त्या पायरीवरचे काम नाहीसे होत नाही. शिकलेला माणूस तेथे नसला तर न शिकलेला तेथे जाऊन बसतो. खेड्यापाड्यांत पदवीवाचून सुई टोचणारे जे लोक आपण पाहतो, ते अशाच रिकाम्या पायरीवर बसलेले असतात.

आता वर्तमानाकडे वळू. डॉक्टर वाढविण्याच्या कामी देशाने अलीकडे मोठी मजल मारली, हे मान्य केलेच पाहिजे. २०१४ पूर्वी देशात एम.बी.बी.एस.च्या ५१,३४८ जागा होत्या, त्या २०२४ पर्यंत १,१२,००० च्या वर गेल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने, आयुर्वेदादी पद्धतींचे वैद्य हिशेबात धरून, देशात ८३६ लोकांमागे एक डॉक्टर आहे असे सांगितले. हा आकडा ऐकून कोणासही वाटेल की काम फत्ते झाले. परंतु दुसरा एक सरकारी आकडा पाहा. आपण ज्यास ग्रामीण रुग्णालय म्हणतो, तशा तालुक्याच्या पातळीवरील आरोग्य केंद्रांत शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भिषग्वर्य असे चार तज्ज्ञ असावेत असा नियम आहे. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्यविषयक सरकारी अहवालात, देशभर अशा केंद्रांना लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी ७९.५ टक्के कमी असल्याचे नमूद आहे. शंभर खुर्च्यांपैकी ऐंशी रिकाम्या!

या दोन आकड्यांचा मेळ कसा घालावा? शेतकरी मंडळींना तो चटकन उमगेल. धरण काठोकाठ भरले म्हणून पाटाच्या शेवटच्या टोकावरील शेत भिजतेच असे नाही. वरचे शेतकरी पाणी ओढून घेतात आणि टेलच्या शेतात धूळ उडते. डॉक्टरांचेही तसेच आहे. संख्या धरणात मोजली जाते, आणि गरज टोकावर असते. म्हणून ‘इतक्या लोकांमागे इतके डॉक्टर’ एवढ्यानेच योजना झाली असे समजणे ही मोठी दिशाभूल आहे. आमच्या मते खरी योजना चार प्रश्नांची उत्तरे देते. काम किती आहे? ते काम कोणी करावे? ती माणसे कोठून आणावी? आणि ती टिकावी कशी?

पहिला प्रश्न कामाचा. आपल्या देशात सपाटीवर ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे असे ठरलेले आहे. तेथे जी सेविका असते तिला लोक ‘नर्सबाई’ म्हणतात. तिच्या कामाची आपण मोजणी करू. हजार लोकवस्तीत वर्षाला सुमारे २० मुले जन्मतात असे धरले, तर ५,००० वस्तीत १०० बाळंतपणे होतील. प्रत्येक गर्भवतीची किमान चार वेळा तपासणी केली तर ४०० तपासण्या झाल्या. जन्मानंतरच्या दीड-दोन वर्षांत बालकास लसीसाठी किमान पाच वेळा आणावे लागते, त्या ५०० लसभेटी झाल्या. ही केवळ दोन कामे झाली. याशिवाय क्षयाच्या रुग्णांची औषधे, कुटुंबनियोजनाचा सल्ला, रक्तदाब व मधुमेहाच्या तपासण्या, साथीच्या दिवसांतील घरभेटी आणि नोंदवह्यांचे रकाने! त्यातच वस्त्या विखुरलेल्या असल्या तर अर्धा दिवस चालण्यातच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात, प्रत्यक्ष कामाची मोजणी करून त्यावरून कर्मचारी ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली, ती याच कारणासाठी. लोकसंख्येला एका आकड्याने भागणे सोपे असते. परंतु त्या भागाकारात डोंगर, नदी आणि पावसाळा दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही, ती म्हणजे रजा. आम्ही काही वर्षे एकशिक्षकी शाळा चालविली आहे. एकशिक्षकी शाळेचा मास्तर आजारी पडला की सबंध शाळाच आजारी पडते. एका सेविकेचे उपकेंद्रही तसेच. ती प्रसूतिरजेवर गेली, प्रशिक्षणास गेली किंवा तिची बदली झाली, की दारास कुलूप लागते. जेथे काम अखंड चालावयाचे तेथे बदली माणसाची तरतूद मुळातच असली पाहिजे.

दुसरा प्रश्न असा की, काम कोणी करावे? याचे सर्वांत बोलके उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले आहे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम आरंभिले आणि खेड्यांतील सामान्य, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले. या कार्याबद्दल १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत असाच एक प्रयोग केला. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना त्यांनी नवजात बालकाची काळजी घेण्यास शिकविले. वजन करणे, ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास औषधाची सुई देणे, असे ते शिक्षण होते. जिवंत जन्मलेल्या हजार बालकांपैकी पहिल्या महिन्यात दगावणाऱ्यांची संख्या तेथे ६२ होती. हे काम सुरू झाल्यापासून तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ साली, ती २५.५ वर आली, तर शेजारच्या तुलनेच्या गावांत ती ५९.६ होती. हा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचे हे काम देशभरच्या आशा कार्यकर्तींकडे सोपविले.

यावरून डॉक्टर नकोत असे कोणी समजू नये. बाळंतपणात अडलेली स्त्री शस्त्रक्रियेवाचून वाचत नाही, आणि तेथे शल्यविशारदच हवा. परंतु तोसुद्धा एकटा पुरेसा नाही. एका बैलाने औत चालत नाही. शस्त्रक्रिया करणारा आहे पण भूल देणारा नाही, भूल देणारा आहे पण रक्त तपासणारा नाही, अशा रुग्णालयात दिवा लागतो, काम होत नाही. म्हणूनच आपल्याकडे सामान्य एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे शिक्षण देऊन बाळंतपणाच्या संकटप्रसंगी भूल देण्यास तयार करण्याची योजना आखली गेली. आफ्रिकेतील मलावी देशात तर पदवीधर डॉक्टर नसलेले, परंतु त्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेले अधिकारी पोट उघडून बाळंतपणाची शस्त्रक्रिया करतात. ज्याला जितके काम नीट शिकविता येईल तितके त्याच्यावर सोपवावे, आणि त्याच्या पाठीशी वरच्या पायरीचा जाणता माणूस उभा असावा, हे यातील सूत्र होय.

येथे काळाचाही हिशेब आहे. औषधे पैसे मोजून आठ दिवसांत आणता येतात, माणसे तशी आणता येत नाहीत. एम.बी.बी.एस.ला एक वर्षाच्या उमेदवारीसह साडेपाच वर्षे लागतात आणि पुढे तज्ज्ञ होण्यास आणखी तीन. म्हणजे आज ठरविलेला शल्यविशारद साडेआठ वर्षांनी हाती येणार! साहाय्यक परिचारिका-प्रसविका मात्र दोन वर्षांत तयार होते. तेव्हा आज आणि उद्याच्या गरजेसाठी एक आखणी, आणि दहा वर्षांनंतरच्या गरजेसाठी दुसरी, अशी दुपेडी योजना करावी लागते.

तिसरा प्रश्न : माणसे कोठून आणावी? १९७७ साली २ ऑक्टोबर रोजी सरकारने हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. हेतू उत्तम होता. परंतु निवड बहुतांशी पुरुषांची झाली आणि ठिकठिकाणी गावातील वजनदार मंडळींच्या शब्दावर झाली. ज्या घरात बाळंतीण निजलेली आहे त्या घरात परका पुरुष कसा जाणार? योजना यथावकाश क्षीण झाली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्याने हा धडा घेतला. ‘आशा’ म्हणून स्त्रीच निवडावयाची आणि ती त्याच गावची असावयाची, असा नियम झाला. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जाहीर गौरव केला. इथिओपियानेही २००३ साली हाच मार्ग धरला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक मुलींना एक वर्षाचे शिक्षण देऊन, सुमारे ५,००० वस्तीमागे दोन अशा पगारी आरोग्यसेविका त्या देशाने नेमल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांची संख्या ३०,००० च्या वर गेली. डॉक्टरांसही हेच लागू पडते. ग्रामीण भागात वाढलेला विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात राहून काम करण्याची शक्यता अधिक असते, म्हणून अशा मुलांना प्रवेश द्यावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली केली. मातीचे रोप मातीत लवकर धरते.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे. आणलेली माणसे टिकावी कशी? २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला, तेव्हा ५७ देशांत आरोग्यसेवकांची तीव्र टंचाई आढळली. मलावी त्यांपैकीच एक. तेथील परिचारिका चांगल्या वेतनासाठी परदेशी जात होत्या. २००४ साली त्या सरकारने बाहेरच्या देशांच्या साहाय्याने एक तातडीची योजना आखली, अकरा प्रकारच्या आरोग्यसेवकांचे वेतन ५२ टक्क्यांनी वाढविले, आणि त्याच वेळी शिक्षणसंस्थांतील जागाही वाढविल्या. २००४ साली असलेली ५,४५३ सेवकांची संख्या २००९ साली ८,३६९ झाली. नुसते उपदेश करून हे साधले नसते. आपल्याकडे आशांना ‘स्वयंसेविका’ म्हणतात आणि बहुतांश कामाचा मोबदला कामागणिक देतात. करोनाच्या साथीत घरोघर फिरलेल्या महाराष्ट्रातील आशांना जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस संपावर जावे लागले. सेवेचे गुणगान करून मजुरीचा विसर पडू देणे, हे सुसंस्कृत समाजास शोभत नाही.

डॉक्टरांकडून सक्तीने ग्रामीण सेवा घेण्याचा उपायही आपण करून पाहिला आहे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टराने एक वर्ष सेवा द्यावी, नाही तर दंड भरावा, असा नियम झाला. परंतु दंड भरून सुटता येते तेथे सेवेचे रूपांतर किमतीत होते. सक्तीने माणूस वर्षभर आणता येतो. राहण्यासाठी त्यास घर लागते, मुलांना शाळा लागते, वरिष्ठांचा आधार लागतो आणि पुढे चढण्यास पायरी लागते.

आणि घर म्हटले की एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आम्ही ज्या एका गावी नोकरीस होतो, तेथे नव्याने रुजू झालेली नर्सबाई महिनाभर खोली शोधीत होती. उपकेंद्रास निवासस्थान नव्हते. गावात तीन-चार घरे रिकामी होती. परंतु ‘आडनाव काय?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर प्रत्येक ठिकाणी काही ना काही अडचण निघाली. एकाचा मुलगा पुण्याहून येणार होता, दुसऱ्याचे छप्पर गळत होते. खोली नाकारणाऱ्यांत आपल्या ज्ञातीचीही घरे होती, हे येथे स्पष्ट बोलले पाहिजे. शेवटी ती बाई तालुक्याच्या गावी राहू लागली. सकाळच्या एस.टी.ने येई, संध्याकाळच्या एस.टी.ने जाई. बाळंतपणे एस.टी.चे वेळापत्रक पाहून होत नसतात. रात्री अडलेल्या बायकांना बैलगाडीतून नि पुढे जीपमधून नेताना आम्ही पाहिले आहे. त्यांपैकी एक वाटेतच गेली. सरकारने पद मंजूर केले होते, बाई शिकून आली होती, वेतन चालू होते. योजना अडली ती आपल्या उंबरठ्यावर.

म्हणूनच प्रारंभी आम्ही म्हटले की हा प्रश्न माजघरातला आहे. परिचारिकेच्या व्यवसायाविषयी आपल्या मनात अजून अढी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापिले आणि पुढे ससून रुग्णालयात स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय केली. त्यांना समाजाचा केवढा रोष सोसावा लागला असेल! एका शतकाहून अधिक काळ लोटला. आज आपण आजारी पडलो की रात्री उशाशी परिचारिका हवी असते, परंतु आपली कन्या वा सून परिचारिका असावी असे वाटत नाही. वधूवर सूचक मंडळाच्या नोंदणीत ‘मुलगी परिचारिका, रात्रपाळी असते’ एवढे वाचून पान उलटणारे पालक आम्ही पाहिले आहेत. मुलगी डॉक्टर असली तर तीच रात्रपाळी भूषणावह ठरते! ज्या कामास घरात मान नाही त्या कामास देशात माणसे कशी मिळणार? भोर समितीने मागितलेले एकास चार हे प्रमाण कागदावर राहिले, याचे एक कारण खजिन्यातील तूट असेल. दुसरे कारण आपल्या मनातील तूट आहे.

तेव्हा नुसत्या व्याख्यानावर न थांबता, संस्थेपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना विद्यार्थी-साहाय्यक निधीविषयी आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी म्हणून जी रक्कम वेगळी ठेवली जाते तिचा अर्धा भाग परिचारिका, प्रसविका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण तंत्रज्ञ यांच्या शिक्षणासाठी राखावा. एका भावी डॉक्टराच्या शुल्काचा जेमतेम एक कोपरा ज्या रकमेने झाकतो, त्याच रकमेत एखादी गरीब मुलगी परिचारिकेचे शिक्षण पुरे करून आपल्या पायावर उभी राहू शकते. निधीचा उपयोग जेथे निर्णायक ठरतो तेथे तो आधी व्हावा.

दुसरी सूचना अशी की, खेड्यांत राहणाऱ्या ज्ञातिबांधवांच्या मुलामुलींना या निधीत अग्रक्रम असावा, आणि साहाय्य घेणाऱ्या भावी डॉक्टरांनी निदान दोन वर्षे ग्रामीण भागात काम करण्याचा संकल्प स्वखुशीने करावा. हमीपत्र वा दंड नको. निधीच्या वहीत नाव व संकल्प लिहिला जावा, इतकेच.

तिसरी सूचना वधूवर सूचक मंडळास आहे. व्यवसायामुळे मुलीस उणेपणा येऊ नये, यासाठी मंडळाच्या ज्येष्ठ भगिनींनी पालकांशी बोलावे. हे काम ठरावाने होणार नाही, चार घरी बसून बोलण्याने होईल.

चौथी सूचना आपणां सर्वांस आहे. ज्यांची खेड्यांत घरे आहेत त्यांनी तेथे येणाऱ्या नर्सबाईस, आरोग्यसेवकास वा डॉक्टरास खोली देताना त्यांची जात विचारू नये. ग्रामपंचायतीत आपली जी मंडळी आहेत त्यांनी उपकेंद्राचे निवासस्थान, तेथील पाणी आणि वीज यांचा पाठपुरावा करावा. ज्ञातिसंस्था ही परस्परांस हात देण्यासाठी असते. इतरांसाठी दार बंद करण्यास तिचा उपयोग होऊ लागला, तर ती संस्था न राहता कुंपण होते. हे शब्द कोणास कठोर वाटले तर वडीलकीच्या नात्याने सोडून द्यावेत, परंतु खोलीची किल्ली मात्र द्यावी.

देशाची योजना दिल्लीत आखली जाईल, तिचे आकडे मुंबईत भरले जातील, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या योजनेतील प्रत्येक आकडा अखेर कोणाची तरी लेक किंवा कोणाचा तरी मुलगा असतो. तो कोणत्या शाळेत शिकतो, कोणत्या कामाचा अभिमान बाळगतो आणि कोणत्या गावात सुखाने झोपतो, हे ठरविणारे आपणच आहोत. कार्यकारी मंडळाने या सूचनांचा येत्या बैठकीत विचार करावा, अशी प्रार्थना करून आमचे भाषण संपवितो.